एक इंग्लिश, एक व्हर्नाक

दुपारी चारच्या सुमारास जाहिरात एजन्सीचा फोन येतो. "दादा, एक नोटीस मेल केलीय. उद्याच्या अंकात हवी. एक इंग्लिश, एक व्हर्नाक." कंपन्यांच्या जाहीर नोटिसा मराठीत आणायचं काम मी गेली कित्येक वर्षं करतो आहे, त्यामुळे 'व्हर्नाक' म्हणजे काय हे मला विचारावं लागत नाही. तरी एकदा मुद्दाम विचारलं, "व्हर्नाक म्हणजे कुठली भाषा रे?" पलीकडचा मुलगा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे मराठीच ना दादा. दुसरी कुठली?" आडनाव मराठी, आमचं सगळं बोलणं मराठीत, आणि तरीही आपल्या भाषेचं नाव तोंडात यायला त्याला एक क्षण लागला.

दोष त्याचा नाही. त्याच्यासमोरच्या कागदावर तसंच छापलेलं असतं. एखाद्या कंपनीला आपलं नोंदणीकृत कार्यालय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवायचं असेल, तर तशी जाहिरात वर्तमानपत्रांत द्यावी लागते. कंपनी कायदा २०१३ चा, त्याखालचे नियम २०१४ चे. नियम सांगतो की जाहिरात एका इंग्रजी वृत्तपत्रात इंग्रजीत द्यावी, आणि एका 'व्हर्नाक्युलर', म्हणजे देशी भाषेतल्या, वृत्तपत्रात त्या जिल्ह्याच्या 'प्रमुख व्हर्नाक्युलर भाषेत' द्यावी. इंग्रजीला तिचं नाव आहे. मराठीला नाही, कन्नडला नाही, तमिळला नाही. या सगळ्या भाषांना मिळून एकच विशेषण पुरवलं आहे, आणि तेही लॅटिन. देश स्वतंत्र झाल्यावर ६७ वर्षांनी केलेला हा नियम आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. हा शब्द नियमांतून जावा, फॉर्मांतून जावा, आणि त्याआधी आपल्या तोंडातून जावा. पण त्यासाठी जे कारण नेहमी दिलं जातं ते मला अपुरं वाटतं, आणि अपुऱ्या कारणावर उभी केलेली मागणी कुणीही एका फुंकरीने पाडतो. म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

लॅटिनमधलं विशेषण आहे 'वेर्नाकुलुस'. ते आलं 'वेर्ना' या नामावरून. वेर्ना म्हणजे मालकाच्या घरातच जन्मलेला गुलाम. लढाईत पकडून आणलेला किंवा बाजारात बोली लावून घेतलेला गुलाम वेगळा. वेर्ना म्हणजे घरातल्या दासीच्या पोटी आलेलं मूल. लॅटिनमध्ये वसंत ऋतूला 'वेर' म्हणतात, तेव्हा वसंतात जन्मले ते वेर्ना, अशी व्युत्पत्ती फेस्टुस नावाच्या जुन्या कोशकाराने देऊन ठेवली आहे. ऐकायला ती छान वाटते, पण आजचे अभ्यासक ती मानत नाहीत.

रोमन कायद्यात मुलाला आईचा दर्जा मिळे. आई दासी असेल तर मूल गुलाम, आणि ते आईच्या मालकाचं. मालक स्वतःच बाप असला तरी त्यात फरक पडत नसे. कायदेपंडितांमध्ये या मुलांवरून एक वाद झाला होता, तो वाचला तेव्हा मला कितीतरी वेळ पुढे जाता आलं नाही. एकाने आपली दासी दुसऱ्याला उपभोगाच्या हक्काने, म्हणजे मालकी न देता काम आणि उत्पन्न घेण्यापुरती, दिली आणि त्या काळात तिला मूल झालं, तर ते मूल कोणाचं? मेंढीचं कोकरू आणि गायीचं वासरू उपभोग घेणाऱ्याचं, याबद्दल कुणाला शंका नव्हती. दासीचं मूल याच हिशेबात धरायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. निकाल असा लागला की धरायचं नाही. मूल हे 'उत्पन्न' नव्हे, ते मूळ मालकाकडे जाईल. आईकडे जाईल असं कुणीच म्हणालं नाही. आणि शेतीवर लिहिणारा कोलुमेला मोठ्या समाधानाने सांगतो की आपल्या मळ्यावर ज्या दासीला तीन मुलगे झाले तिला आपण कामातून सूट दिली, आणि तीनपेक्षा जास्त झाले तिला मुक्तही केलं. ती मुक्त झाली. तिचे मुलगे मालकाचेच राहिले असणार.

हे एक अंग झालं. दुसरं अंग नीट पाहिलं नाही तर शब्द हातातून निसटतो. वेर्नावर मालकाचा जीव असे. रोममध्ये सापडलेल्या कितीतरी थडग्यांवर मालकाने आपल्या लहानग्या वेर्नासाठी कोरलेले लेख आहेत, 'गोड', 'लाडका' अशा विशेषणांचे. ही मुलं मालकाच्या अंगाखांद्यावर वाढत, त्याच्या मुलांबरोबर खेळत. आणि त्यांचं एक वैशिष्ट्य सगळ्या रोमला ठाऊक होतं: ती फटकळ असत. पाहुण्यांसमोर ती काहीही बोलत आणि मालक कौतुकाने हसे. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने एके ठिकाणी हे नेमकं टिपलं आहे. तो म्हणतो की आपल्याला आपल्या मुलांचा विनय आवडतो आणि घरच्या गुलामपोरांचा वाह्यातपणा; मुलांना आपण कडक शिस्तीत ठेवतो आणि या पोरांच्या धिटाईला मात्र खतपाणी घालतो.

सेनेकाला सांगायचं होतं देवाबद्दल, की तो चांगल्या माणसांना कष्ट का देतो. मला मात्र तिथे माझी भाषा दिसली. ज्या मुलाला उद्या घर सांभाळायचं आहे त्याला शिस्त लावली जाते. त्याच्याकडून हिशेब, कायदा, वक्तृत्व घोटून घेतलं जातं. ज्याला काहीच सांभाळायचं नाही त्याने गंमत करावी, चार लोकांना हसवावं, एवढीच अपेक्षा. आता आपल्याकडे बघा. विनोदाला मराठी, लावणीला मराठी, गणपतीच्या मांडवाला मराठी, मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतल्या खुसखुशीत ओळीला मराठी. करार इंग्रजीत, विम्याची पॉलिसी इंग्रजीत, उच्च न्यायालयातला युक्तिवाद इंग्रजीत, डॉक्टरचा रिपोर्ट इंग्रजीत. मराठीवर प्रेम नाही असं कोण म्हणेल? दर २७ फेब्रुवारीला ते ओसंडून वाहतं. फक्त तिच्यावर कुणी जबाबदारी टाकत नाही, आणि जबाबदारी टाकली नाही म्हणून तिला शिस्तही लागत नाही. विम्याच्या अटी मराठीत लिहायची वेळच आली नाही तर त्या मराठीत नेमक्या कशा लिहायच्या हे कोण शिकणार?

'वेर्नाकुलुस' हे विशेषण भाषेला लावल्याचं जे उदाहरण मला सगळ्यात आवडतं ते मार्कुस तेरेन्तिउस वारोचं. रोमचा हा सर्वांत मोठा पंडित. लॅटिन भाषेवर त्याने २५ खंड लिहिले, त्यातले सहाच आज हाती आहेत. त्यात पाचव्या खंडात तो माशांच्या नावांकडे वळतो आणि म्हणतो की पाण्यातल्या जिवांची काही नावं 'वेर्नाकुला' आहेत आणि काही परकी. म्हणजे घरची नावं आणि बाहेरून आलेली. शिवी नाही, तुच्छता नाही. आपण 'गावठी कोंबडी', 'घरचं तूप' म्हणतो त्या जातीचा शब्द. सिसेरोही तो असाच वापरतो. रोमच्या खास विनोदाला, त्या मातीच्या चवीला तो 'वेर्नाकुलुस' म्हणतो आणि ती चव नाहीशी होत चालली म्हणून हळहळतो.

या वारोच्या आयुष्यातच या शब्दाची दुसरी एक गोष्ट घडली. इसवी सनापूर्वी ४९ साली सीझर आणि पाँपे यांच्या यादवीत हा पंडित स्पेनच्या दक्षिण भागात पाँपेच्या बाजूने सेनापती होता. त्याच्या हाताखाली दोन पलटणी होत्या, त्यातल्या एकीला म्हणत 'लेगिओ वेर्नाकुला'. तिथल्याच लोकांमधून उभी केलेली, म्हणून वेर्नाकुला. प्रांतातली गावं एकेक करून सीझरच्या बाजूला जाऊ लागली, तशी या पलटणीने वारोच्या डोळ्यांदेखत निशाणं उचलली, छावणी सोडली आणि सरळ हिस्पालिसला, म्हणजे आजच्या सेव्हियाला, जाऊन तळ ठोकला. तिथल्या नागरिकांनी त्या सैनिकांना आपापल्या घरी नेऊन ठेवलं, असं सीझरनेच लिहून ठेवलं आहे. वारोला शरण जावं लागलं. त्याने आपला ग्रंथ लिहिला तो यानंतर काही वर्षांनी. घरच्या आणि परक्या शब्दांची यादी करताना त्याला ती घरची पलटण आठवली असेल का, असं मला नेहमी वाटतं.

आता नेहमीचं कारण घेऊ. 'व्हर्नाक्युलर'चं मूळ गुलाम या शब्दात आहे, म्हणून तो अपमानकारक, म्हणून तो टाका. हे पटत नाही. मूळ शोधत गेलं तर किती शब्द टाकावे लागतील! इटालियन माणूस भेटल्यावर 'चाव' म्हणतो. ते व्हेनिसकडच्या बोलीतल्या 'मी आपला दास' या वाक्याचं झिजलेलं रूप आहे. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण बोलणाऱ्या दोघांत दास कोणीच उरलेला नाही. शब्दाचा जन्म कुठे झाला यापेक्षा तो आज कुठे उभा आहे हे पाहायला हवं.

त्यासाठी मी एक साधी कसोटी लावतो. या शब्दाच्या मांडवाखाली इंग्रजी बसते का? वनस्पतिशास्त्रज्ञ झाडाचं शास्त्रीय नाव देतो आणि पुढे 'व्हर्नाक्युलर' नावं देतो. तिथे मराठी, हिंदी, तमिळ आणि इंग्रजी सगळी शेजारी शेजारी असतात. मग मराठीच्या वाट्याला काही कमीपणा येत नाही. भाषाशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या इंग्रजीला हा शब्द लावतात. वास्तुशास्त्रात तर तो कौतुकाचा शब्द आहे. १९६४ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये बर्नार्ड रुडोफ्स्कीने वास्तुविशारदांशिवाय बांधलेल्या घरांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हापासून जगभरच्या लोकांची साधी घरं आदराने पाहिली जाऊ लागली. आपल्या कोकणातलं जांभ्याचं, उतरत्या कौलांचं, ओटी-पडवीचं घर त्याच अर्थाने 'व्हर्नाक्युलर', आणि तसं म्हणणारा वास्तुविशारद ते शिकायच्या भावनेने म्हणतो. या तिन्ही ठिकाणी मला शब्दाबद्दल तक्रार नाही.

तक्रार भारतीय वापराबद्दल आहे, कारण इथे त्या मांडवात इंग्रजी कधीच बसलेली नाही. 'व्हर्नाक्युलर प्रेस' म्हणजे इंग्रजी सोडून बाकी सगळी वर्तमानपत्रं. 'व्हर्नाक्युलर मीडियम' म्हणजे इंग्रजी सोडून बाकी सगळ्या शाळा. कॉलेजच्या पहिल्या वर्षी आमच्या एका प्राध्यापकांनी वर्गात विचारलं होतं, व्हर्नाक्युलर मीडियमवाले हात वर करा. शंभरेक मुलांत तीसेक हात वर गेले, कोपरातून वाकलेले. कुणाचा हात सरळ नव्हता. त्यांनी हे आमच्या भल्यासाठीच विचारलं होतं, आम्हाला जादा शिकवणी द्यायची म्हणून, आणि ती त्यांनी मनापासून दिलीही. पण तो वाकलेला हात मी अजून विसरलो नाही. नंतर कॉरिडॉरमध्ये त्या शब्दाचं 'व्हर्नी' झालं, 'व्हर्नाक' झालं. कपड्यांवरून, चपलांवरून, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' च्या उच्चारावरून ते लावलं जाई. तोंडावर लावणारेही बहुतेक मराठीच.

हा वापर ब्रिटिशांनी घडवला हे खरं. १८७८ चा कायदा आपण शाळेत 'व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट' म्हणून शिकतो. लॉर्ड लिटनच्या या कायद्याने देशी भाषांतल्या वर्तमानपत्राच्या मुद्रकाकडून जामीनकतबा मागता येई, छापखाना जप्त करता येई, आणि त्यावर न्यायालयात दाद नव्हती. इंग्रजी पत्रांना यातलं काही लागू नव्हतं. म्हणून कलकत्त्याच्या 'अमृत बाजार पत्रिके'ने बंगाली सोडून रातोरात इंग्रजी धरली. मजेची बाब अशी की कायद्याच्या अधिकृत नावात 'व्हर्नाक्युलर' हा शब्दच नाही. तिथे 'पौर्वात्य भाषां'तील प्रकाशनं असं म्हटलं आहे. तरी लोकांच्या तोंडी बसलं ते हेच नाव, इतका हा शब्द तोवर राज्यकारभाराच्या बोलण्यात मुरला होता.

शिक्षणातही तो होताच. माझ्या आजोबांचं एक प्रमाणपत्र आमच्या घरी आहे. घड्यांवर फाटलेलं, मागून पातळ कागद चिकटवलेलं, शाई तपकिरी पडलेली. ते 'व्हर्नाक्युलर फायनल' पास झाल्याचं आहे. मुंबई इलाख्यात मराठी सातवीनंतर ही परीक्षा असे. ती दिलेला माणूस प्राथमिक शिक्षक होई, तलाठी होई. गावात आजोबांना लोक 'फायनल झालेले' म्हणत आणि त्या शब्दात केवढा मान होता! भूमिती, व्यवहारी गणित, मोडी वाचन, पत्रलेखन हे सगळं त्यांनी मराठीतून केलं होतं. जमिनीचा वाद असला की माणसं त्यांच्याकडे कागद घेऊन येत. 'व्हर्नाक्युलर' या शब्दाचा अर्थ त्यांना कधी कुणी सांगितला नसेल. तो त्यांच्या लेखी 'मराठी सातवी'चाच दुसरा उच्चार होता. म्हणजे शब्द तोच, पण त्या मराठीवर तेव्हा काम टाकलेलं होतं, आणि म्हणून ती ताठ होती. मला आजोबांच्या प्रमाणपत्राची लाज वाटत नाही. त्यांच्या मराठीवर जे काम होतं ते माझ्या मराठीवर उरलं नाही, याचं वाईट वाटतं.

आणि हे सगळं केवळ साहेबाने केलं असं म्हणून मोकळं होता येत नाही. भाषांची उतरंड आपल्याकडे साहेब येण्याआधीपासून होती. संस्कृत म्हणजे संस्कार झालेली, प्राकृत म्हणजे नुसती स्वभावतः असलेली. हे नावांतच आहे. संस्कृत भाषा देवांनी केली म्हणता, मग प्राकृत काय चोरांनी आणली, असं एकनाथांना विचारावं लागलं ते आपल्याच पंडितांसमोर, इंग्रजांसमोर नव्हे. पुढे १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात शिक्षण इंग्रजीतून द्यावं की देशी भाषांतून हा वाद पेटला, तेव्हा अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचे कैवारी होते, आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर देशी भाषांच्या बाजूने ठामपणे उभे होते कर्नल जर्व्हिस, एक इंग्रज अधिकारी. बाजू कातडीच्या रंगाने पडलेल्या नव्हत्या.

लॅटिनशी आणि मराठीशी एकाच वेळी नातं असलेला एक माणूस मला या ठिकाणी फार जवळचा वाटतो. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट, १५७९ साली गोव्यात आला. १५८३ मध्ये त्याने आपल्या भावाला लॅटिनमध्ये एक पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की या मुलखात पुष्कळ भाषा आहेत, त्यांचे उच्चार कानाला गोड आहेत आणि त्यांची रचना लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे. सर विल्यम जोन्सने संस्कृतबद्दल हेच म्हणण्याआधी दोनशे वर्षं. आणि स्टीफन्स ते आपल्याकडच्या बोलीभाषा ऐकून म्हणत होता. त्याने ही तुलना नुसती कागदावर ठेवली नाही. त्याने ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ साली गोव्यातल्या राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं, आणि त्यात मराठीची जी स्तुती आहे ती आपण आजही पाठ म्हणतो. त्याच्या धर्माची सगळी गंभीर बाब त्याने मराठीवर सोपवली. धर्मप्रसार हा त्याचा हेतू होता हे मी विसरत नाही. पण भाषेवर काम सोपवणं म्हणजे काय, हे त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे.

'व्हर्नाक्युलर' ही कुठल्या भाषेची जात नाही, ती वेळेवर ठरणारी जागा आहे, हे इंग्रजीइतकं दुसऱ्या कुणी भोगलेलं नाही. एकेकाळी तीच व्हर्नाक्युलर होती. इंग्लंडच्या न्यायालयांत वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा १३६२ साली झाला, आणि तो लिहिला होता फ्रेंचमध्ये. कामकाजाच्या नोंदी लॅटिनमध्येच राहिल्या. विल्यम टिंडलने बायबलचा नवा करार इंग्रजीत छापला आणि पुढे १५३६ साली त्याला जीव गमवावा लागला. न्यूटनने १६८७ चा आपला महाग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला, आणि प्रकाशावरचा १७०४ चा ग्रंथ इंग्रजीत. इंग्लंडच्या न्यायालयांतून लॅटिन शेवटी गेली ती १७३३ साली. पावणेचारशे वर्षं लागली, पण एकेक खातं इंग्रजीकडे आलं: न्यायालय, धर्म, विज्ञान. तिला कुणी गौरव दिन देऊन मोठं केलं नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मला आनंद झाला, तो मी लपवत नाही; त्या संध्याकाळी आमच्या टेबलावर पेढे वाटले गेले. 'अभिजात' हा आपला शब्द सुंदर आहे. पण सरकारी इंग्रजीत तो 'क्लासिकल' आहे, आणि तेही एक लॅटिन विशेषण आहे, 'क्लासिकुस'. रोमन नागरिकांची मालमत्तेनुसार वर्गवारी होई. आउलुस गेल्लिउस हा रोमन लेखक सांगतो की ज्याची मालमत्ता १,२५,००० किंवा त्याहून अधिक तांब्याच्या नाण्यांची भरे, त्या पहिल्या वर्गाच्या माणसालाच 'क्लासिकुस' म्हणत. बाकीचे सगळे 'वर्गाखालचे'. लेखकाला हे विशेषण लावल्याची जुनी नोंदही त्याच गेल्लिउसच्या ग्रंथात आहे: क्लासिकुस लेखक, 'प्रोलेतारिउस', म्हणजे सगळ्यात खालच्या निर्धन वर्गातला, नव्हे. करदात्यांच्या वहीतला शब्द वाङ्मयात आला तो असा.

तेव्हा आज मराठीची स्थिती अशी आहे की दिल्लीच्या एका कागदावर ती पहिल्या वर्गाची धनिक नागरिक आहे आणि दुसऱ्या कागदावर घरात जन्मलेली दासी. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? मला वाटतं, दोन्ही कागद एकच गोष्ट सांगतात: हिची जागा आम्ही ठरवतो. वर बसवायचं तरी आम्ही, खाली बसवायचं तरी आम्ही. दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख दाखवून भाषेला मान मिळवता येतो, हक्क मिळत नाही. हक्क मिळतो तो आजच्या कागदावर सही चालते की नाही यावर.

'व्हर्नाक्युलर'च्या जागी 'प्रादेशिक' म्हणावं असं कुणी सुचवेल. राज्यघटनेत तो शब्द आहे, 'मातृभाषा'ही आहे, आणि दोन्ही या शब्दापेक्षा कितीतरी बरे. तरी माझी पसंती भाषेच्या नावाला आहे. नियमात लिहावं: 'कार्यालय ज्या राज्यात आहे त्या राज्याच्या राजभाषेत'. महाराष्ट्रात १९६४ चा राजभाषा अधिनियम आहेच, मग त्या जागी आपोआप 'मराठी' येईल आणि बुकिंगच्या फॉर्मवर भाषेच्या रकान्यात ते नाव लिहिलं जाईल. शब्द बदलून काय होतं, असं मला विचारतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या कचेरीला सांगितलं की खालच्या पायरीवरच्या न्यायालयांना 'कनिष्ठ न्यायालय' म्हणू नका, त्यांच्या कागदपत्रांना 'लोअर कोर्ट रेकॉर्ड' म्हणू नका. खटला चालवणाऱ्या न्यायाधीशाचं काम त्याने एका रात्रीत सोपं झालं नसेल. पण देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाला नाव महत्त्वाचं वाटलं.

आणि नावाबरोबर दुसरी मागणी जोडतो, ती माझ्या धंद्यातली. इंग्रजी आणि मराठी, दोन्ही मजकूर सारखेच ग्राह्य मानावेत, आणि मराठीत चूक निघाली तर नोटीस पुन्हा द्यावी लागावी. आज इंग्रजी मसुदा वकील चार वेळा तपासतो. मराठी मजकूर माझ्याकडे संध्याकाळी साडेपाचला येतो, सातला पान सुटतं, आणि त्यावर मूळ कंपनीतलं कुणी नजरही टाकत नाही. मी स्वतः कित्येकदा 'प्रस्तावित बदलामुळे ज्या कोणा व्यक्तीच्या हितसंबंधांस बाध येण्याची शक्यता असेल' असं वाक्य हाताला सवय झाली म्हणून तसंच लिहून टाकलं आहे. कुणी वाचत नाही, असं आम्ही सगळेच धरून चालतो.

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ कचेरीत आले. एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले. शर्टाच्या खिशातून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं कात्रण काढलं. कंपनी कार्यालय परराज्यात हलवते आहे, त्याची नोटीस. मजकूर माझाच होता. त्यांचे काही पैसे कंपनीकडे अडकलेले होते. त्यांनी 'हितसंबंधांस बाध' या शब्दांखाली निळ्या पेनने दोनदा रेघ मारली होती.

"साहेब, हे मला लागू होतं का?"

मी म्हटलं, "होतं काका. तुमचे पैसे आहेत ना तिकडे, मग तुम्ही हरकत घेऊ शकता."

"असं सरळ का नाही लिहिलं मग?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी पुन्हा कात्रण डोळ्यांजवळ नेलं. "चौदा दिवस म्हटलंय. ते कुठून मोजायचे?"

"छापून आल्याच्या तारखेपासून."

त्यांनी बोटांवर मोजलं. चार दिवस उरले होते. प्रतिज्ञापत्र करायचं, रजिस्टर पोस्टाने पाठवायचं, एक प्रत कंपनीला. मी एका कोऱ्या कागदावर हे सगळं ओळीने लिहून दिलं, मराठीत, जसं बोलतो तसं. त्यांनी तो कागद कात्रणावर ठेवला, दोन्हींची मिळून घडी घातली, पिशवीत सरकवली, आणि पाऊस थांबायची वाट न बघता निघाले.